हरिओमच्या साईटवरची गर्दी

लातुरात होस्टिंग कसं निवडतात ते मला विचारा, तेच विकायचा माझा धंदा आहे. आपली वेबसाईट कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर भाड्यानं ठेवायची असते, त्या जागेला होस्टिंग म्हणतात. जागा लहान घ्यायची की मोठी, हे साईटवर किती माणसं येणार त्यावर ठरवावं. पण असं कुणी ठरवत नाही. शेजारच्यानं घेतलंय त्याहून एक बोट मोठं, एवढाच हिशेब. एका डाळमिलवाल्यानं मला तोंडावर सांगितलं होतं, की शेषेरावनं जो सर्व्हर घेतलाय त्याच्यापेक्षा मला मोठा पाहिजे. शेषेरावनं नेमकं काय घेतलंय हे त्याला माहीत नव्हतं आणि शेषेरावलाही नव्हतं. शेषेरावच्या साईटवर दिवसभरात जेवढी माणसं येतात, त्याहून जास्त माझ्या ऑफिसच्या जिन्यात पान थुंकायला येतात. हे मी त्या डाळमिलवाल्याला सांगितलं आणि तो दुसरीकडे गेला. माझं माहेर नांदेडचं. सून आणली ती तोंडासकट आली, असं सासूबाई म्हणतात.

तर भुजंगमामा आले तेव्हा मी याच तोंडानं त्यांच्याशी बोलले. रेणापूरकडचे शेतकरी, साठीच्या आसपासचे, पांढरा शर्ट, लेंगा, टोपी हातात. उन्हाळा लागला होता आणि ते एसटी स्टँडवरून चालत आले होते. पाणी पण न पिता त्यांनी मोबाईल पुढं केला. त्यात एक फोटो होता, दुसऱ्या मोबाईलच्या पडद्याचा काढलेला. साईट बंद आहे, या महिन्याची मर्यादा संपली आहे, असं त्यावर इंग्रजीत लिहिलेलं होतं.

"लई लोकं येऊन राहिलेत, ताई," मामा म्हणाले. "इतकी गर्दी व्हतीय की साईट बंद पडतीय. आमच्या इथल्या झेरॉक्सवाल्यानं वाचून सांगितलं. मोठी जागा घ्या मनला."

साईट मुलाची होती. हरिओम, एकुलता एक. नांदेडला डिप्लोमा करून पुण्याच्या कंपनीत लागला, तिथलं सोडून गावी आला आणि रस्त्याकडेच्या शेडमध्ये लाकडी घाणा बसवला. करडईचं तेल काढायचं आणि पुण्या-मुंबईच्या लोकांना साईटवरून विकायचं, असं त्याचं ठरलं होतं. साईट त्यानं स्वतःच, मोबाईलवर शिकून शिकून बनवली होती. गेल्या दसऱ्यानंतर त्याला डेंग्यू झाला, प्लेटलेट उतरत गेल्या, आणि दिवाळी त्या घरात आलीच नाही. हे सगळं मामांनी खाली बघत, भराभर सांगितलं. मग मान वर केली आणि म्हणाले, की ह्या साईटवरून त्यांचं आणि हरिओमचं वाजलं होतं. ते त्याला नको ते बोलले होते. नेमके शब्द त्यांनी सांगितले नाहीत, मीही विचारले नाहीत.

"मी मनलो कुणी इचारणार न्हाई. आन् आता बघा." त्यांनी मोबाईल परत माझ्यापुढं धरला. "त्यो खरा निघाला ताई. मी खोटा निघालो."

आपण हरलो याचा इतका आनंद मी कुणाच्या चेहऱ्यावर बघितलेला नव्हता. माझ्या तोंडाला जे आलं होतं ते मी गिळलं.

साईट बंद पडते म्हणून ऑर्डरी पोचत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. येत होत्या त्या दोन-तीन, त्याही नांदेडच्या, हरिओमबरोबर होस्टेलला राहिलेल्या पोरांच्या घरच्या. बाकीचे येऊन परत जात असणार. जागा मोठी घेतली की ते सगळे मिळतील. मग दुसरा घाणा बसवायचा, आणि यंदा रब्बीला अख्ख्या रानात करडई. घरच्या सगळ्यांनी घाणा विकून टाका म्हणून सांगितलं होतं. मामांनी त्यांना हा मोबाईलमधला फोटो दाखवून गप्प केलं होतं.

मी त्यांना होस्टिंगचे प्रकार समजावले. विहिरीचं सांगितलं की आमच्याकडं कुणालाही कळतं. भावकीत एक विहीर असते आणि प्रत्येकाची पाण्याची पाळी ठरलेली असते, तसं शेअर्ड होस्टिंग. एकाच कॉम्प्युटरवर शेकडो साईटी, आणि महिन्याला ज्याच्या वाट्याला जेवढं पाणी तेवढंच. हरिओमनं तेच घेतलं होतं. त्याच्या वरचा प्रकार म्हणजे विहीर एकच, पण प्रत्येकाची मोटर वेगळी, तुमचा वाटा दुसरा कुणी ओढत नाही. आणि सगळ्यात मोठा म्हणजे डेडिकेटेड, अख्खी विहीर तुमची एकट्याची.

"तीच पायजे," मामा लगेच म्हणाले. "आमच्या भावकीत हिरीवरून डोकी फुटलीत, ताई. पोराचं असं वाट्यातलं नको. त्याची सवताची हीर असू द्या."

मी नाही म्हटलं. कुणी दुसरा असता तर हो म्हणून मोकळी झाले असते, पण या माणसाला नको ते विकायचं माझ्या जिवावर आलं. आधी पाणी किती लागतंय ते मोजू, मग विहिरीचं बघू, असं मी म्हटलं. त्यासाठी साईटच्या खात्यात शिरायला हवं होतं, आणि पासवर्ड बदलायचा तर ओटीपी हरिओमच्या नंबरवर येणार होता. तो मोबाईल कुठं आहे विचारलं तर मामा अडखळले. मोबाईल हरिओमच्या आईकडं असतो आणि ती तो कुणाच्या हातात देत नाही, म्हणाले. तुम्हीच या घरी. घाणाही बघून जा.

त्याच आठवड्यात मी स्कूटीवर रेणापूरला गेले. मामा शेडमध्येच होते. घाणा सुरू होता आणि त्याच्या करकरीत एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. त्यांनी हातानंच घराकडं बोट केलं. घर शेडला लागूनच होतं. मी आवाज देत आत गेले, कुणी ओ दिली नाही, पण स्वयंपाकघरातून एका पोराचं बोलणं ऐकू येत होतं. घरात पाहुणा असेल असं मला वाटलं.

"नमस्कार, मी हरिओम. करडई आधी उन्हात चांगली वाळवून घ्यायची. ओली राहिली की तेल खवट होतं..."

हरिओमची आई, गुणाबाई, भाकरी थापत होत्या. समोर पिठाच्या डब्याला टेकून मोबाईल उभा होता, आणि त्यात चेक्सच्या शर्टातला, नुकती दाढी केलेला हरिओम मूठभर करडई हातात घेऊन बोलत होता. त्यांनी मला मानेनंच बस म्हटलं. व्हिडिओ संपला. त्यांनी पदराला बोट पुसलं, मोबाईलवरची हरिओमच्या फोटोची खूण दाबली, साईट पुन्हा उघडली, व्हिडिओवर बोट ठेवलं, आणि पोरगा पहिल्यापासून बोलायला लागला. भाकरी तव्यावर पडली.

ती खूण हरिओमनंच करून दिली होती. साईट बनवली तेव्हा पहिल्यांदा आईला दाखवली होती. हा व्हिडिओ दुसऱ्या कुठल्या फुकटच्या ठिकाणी न ठेवता त्यानं थेट साईटवर चढवला होता, कारण तिथं ठेवला तर आपल्या तेलाच्या आधी दुसऱ्यांच्या जाहिराती येतात. हौशी माणसाची हीच चूक असते. तो व्हिडिओ चांगलाच जड होता, आणि कुणी बघितला की दर वेळी महिन्याच्या वाट्यातलं ढीगभर पाणी जात होतं.

"ह्या फोटुवर बोट ठिवलं की मी येतो माय, मनला व्हता," गुणाबाई म्हणाल्या. "सैपाक करताना लावते. चाकूरला माझी बहीण मंजुळा हाय, तीबी लावती. महिना सरत आला की न्हाई येत त्यो. एक तारखेला येतो परत."

मला रडू आलं आणि त्या एवढ्याशा खोलीत ते लपवायला जागा नव्हती. गुणाबाईंनी तांब्या पुढं सरकवला. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांच्याकडं येणारं माणूस बहुतेक रडतच असणार.

मग मी ओटीपी मागितला, त्यांनी मोबाईल हातात न देता आकडे मला दाखवले, आणि मी तिथंच भुईवर बसून लॅपटॉप उघडला. बघायची गरज नव्हती, तरी बघितलं. जवळजवळ सगळं पाणी त्या एका व्हिडिओवर गेलं होतं, आणि तो मागणारे मोबाईल दोनच होते, एक रेणापूरचा, एक चाकूरचा. बाकी नांदेडची ती ओळखीची घरं. कधीतरी पुण्याहून कुणी चुकून यावं आणि लगेच निघून जावं, तेवढंच. सगळ्यात छोट्या होस्टिंगलाही ही साईट फार हलकी होती. बाहेर घाण्याची करकर सुरूच होती. तो माणूस जोमानं तेल काढत होता, येणाऱ्या गर्दीसाठी.

मी गुणाबाईंना काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? की तुम्हीच तुमच्या पोराला महिनाअखेरीला घालवता? मोबाईल एवढ्यापुरता हातात मागून घेतला, व्हिडिओ त्यातच उतरवून ठेवला आणि फोटोची खूण त्याच्यावर आणून बसवली. चाकूरलाही पाठवला. साईटवर त्याची हलकी प्रत चढवली. आता नेट नसलं तरी तो येईल, महिनाभर येईल, असं मी त्यांना म्हटलं. त्यांनी बोट ठेवून बघितलं. हरिओम आला. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि मला गरम भाकरी, ठेचा आणि वरून करडईचं तेल घालून वाढलं. असं जेवण मी पुष्कळ दिवसांत जेवले नव्हते.

बाहेर आले तर मामा मोटर बंद करून हात पुसत उभे. "किती लोकं हायेत?" त्यांनी विचारलं.

लोक आहेत, मी म्हटलं. पण व्हिडिओ जड होता म्हणून साईट बंद पडत होती. तो हलका केलाय. हरिओमनं घेतलंय ते होस्टिंग बरोबर आहे, मोठ्याची गरज नाही. यातलं एकही वाक्य तसं खोटं नव्हतं. मामांचा चेहरा जरा उतरला, स्वतःची विहीर मिळाली नाही म्हणून. पण हरिओमनं घेतलेलंच बरोबर आहे हे ऐकून ते पुन्हा खुलले. येताना त्यांनी मला तेलाची बाटली दिली. स्कूटीवर सगळ्या वाटेनं मी स्वतःवर खूश होते. आईला पोरगा महिनाभर मिळाला, बापाचा नको तो खर्च वाचला, आणि मला कुणाला दुखवावं लागलं नाही.

पेरण्या आटोपल्यावर मामा परत आले. या वेळी पाणी प्यायले. खुर्चीत टेकून बसले आणि टोपी गुडघ्यावर ठेवली.

"ताई," ते म्हणाले, "साईट बंद पडंना."

मला आधी कळलंच नाही की ही तक्रार आहे. बरंच झालं की, मी म्हटलं.

ते रोज सकाळी उठून साईट उघडून बघत होते. आधी महिना उतरला की ती बंद पडायची, आणि त्या दिवशी त्यांना कामाला हुरूप यायचा. आता महिनाअखेर येते आणि जाते, साईट आपली चालूच. आणि ऑर्डरी आहेत तेवढ्याच. जागा पुरते आहे, दार उघडं आहे, तर लोक आत का येत नाहीत? शेडमध्ये डबे भरून ठेवलेत. सगळ्या रानात करडई पेरायची का नाही ते महिन्या-दोन महिन्यांत ठरवायला लागेल. हे ते मला शांतपणे, एकेक करून विचारत होते. हा माणूस विचार करून आला होता आणि उत्तर त्यानं स्वतःच काढलं होतं. ते कुणीतरी खोडून काढावं म्हणून तो माझ्याकडं आला होता.

मी प्रयत्न केला. आषाढात कुणी फार खरेदी करत नाही म्हटलं. सणासुदीला बघू म्हटलं. जाहिरात करावी लागते म्हटलं. एरवी माझं तोंड धारेचं, पण खोटं बोलायला ते उपयोगाचं नाही.

"पोरी," मामा म्हणाले. आतापर्यंत ते मला ताई म्हणत होते. "गर्दी कुणाची व्हती?"

मग मी सांगितलं. स्वयंपाकघरातला डबा, पदराला पुसलेलं बोट, चाकूरची मावशी, एक तारखेला येणारा हरिओम, सगळं. दोनच मोबाईल होते हेही सांगितलं. सांगताना मी त्यांच्याकडं बघू शकले नाही. मला स्वतःचा राग येत होता, आणि मेलेल्या हरिओमचाही येत होता, इतकी मेहनत करून त्यानं चार गिऱ्हाइकं पण का मिळवून ठेवली नाहीत म्हणून. असला राग कुणावर काढायचा.

खाली रस्त्यावर क्लास सुटला होता आणि पोरांच्या सायकलींचा गलका चालला होता. तो पांगला तेव्हा मामांनी मान वर केली.

"मी त्याला काय मनलो व्हतो, सांगू का?" त्यांनी विचारलं. "शेडात त्यो मोबाईल घिऊन उभा ऱ्हायला, साईट दाखवायलता. मी मनलो, कोण बघतंय रे हे? तुझी माय तेवढी बघंल."

मी डोळे पुसले. त्यांचे कोरडेच होते.

"तसंच झालं की," ते म्हणाले. "मीच खरा निघालो."

पोरगा गेल्यापासून हा माणूस एवढीच आशा धरून चालला होता, की आपलं ते बोलणं खोटं ठरावं. ते अक्षर न अक्षर खरं ठरलं होतं, आणि ते खरं असल्याचं त्यांना मी सांगितलं होतं. मोठं होस्टिंग देऊन गप्प बसले असते तर बरं झालं असतं, असंही माझ्या मनात येऊन गेलं. मी चहा मागवला. तो त्यांनी घेतला नाही.

जायला उठले, दारापर्यंत गेले आणि तिथून मागं फिरले. तो व्हिडिओ तुमच्या कॉम्प्युटरवर लागतो का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, तुमच्या मोबाईलवरही लागतो मामा, तुम्ही रोज साईट उघडता ना, त्यातच तर आहे. ते म्हणाले, साईट चालू आहे का बंद एवढंच बघत होतो. व्हिडिओ कधी लावलाच नाही. तेव्हा रागानं नाही लावला, आणि नंतर त्यांच्यानं होईना.

मी खुर्ची त्यांच्यासाठी कॉम्प्युटरपुढं सरकवली आणि व्हिडिओ लावला. हरिओमनं नमस्कार केला. करडई वाळवायचं सांगितलं, घाण्यात कशी घालायची ते सांगितलं. मग तेलाची धार भांड्यात पडताना दाखवत असताना मागून, कुठूनतरी लांबून, एक चढा आवाज आला. "आटप की रे लवकर, म्हशी सोडायच्या हायेत. कुणाला दाखवायलास ते?" हरिओम जरा हसला, मान वळवून "आलोच अण्णा" म्हणाला, आणि पुन्हा आपल्याकडं बघून तेल किती दिवस निवळू द्यायचं ते सांगायला लागला. ते त्यानं कापलं नव्हतं. कापायला त्याला जमलं नसेल, किंवा कापावंसं वाटलं नसेल. गुणाबाईंनी ते रोज ऐकलं होतं, भाकरी थापता थापता, आणि नवऱ्याला त्यावरून कधी एका शब्दानं बोलल्या नव्हत्या.

मामा तेव्हा रडले. टोपी तोंडावर धरून, आवाज न करता, खांदे हलवत रडले. व्हिडिओ संपला तरी मी काही दाबलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी तोंड पुसलं आणि म्हणाले, पुन्हा लाव. मी लावला. या वेळी तो चढा आवाज यायच्या आधीच त्यांनी डोळे मिटून घेतले.

मग त्यांनी विचारलं, की ही साईट पुढं चालू ठेवायची तर काय करायला लागेल. घाण्याचं ते घरी बसून ठरवणार होते, बहुतेक विकणारच होते. मी म्हटलं, मामा, व्हिडिओ मामींच्या मोबाईलमध्ये आहेच, तुमच्याही मोबाईलमध्ये घालून देते. साईट बंद केली तरी चालेल, उगीच दर वर्षी भाडं कशाला?

"न्हाई," ते म्हणाले. "त्यानं बांधलेलं हाय. ऱ्हाऊ द्या."

मोठी जागा आता नकोच ना, मी विचारलं, आणि विचारल्यावर माझी जीभ मला चावावीशी वाटली.

"नको," मामा म्हणाले. "हाय तेवढीच बस झाली. आमी दोघंच तर हाव बघणारे."

टोपी घालून ते जिना उतरले. मी हरिओमचं ते शेअर्ड होस्टिंग, तेच सगळ्यात छोटं, पुढच्या वर्षासाठी चालू केलं.